अभियंत्यांच्या परिषदेत आपण शोधनिबंध का पाठवायचा?



गटारात उतरून माणूस मेला की पुढे काय काय होते, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चौकट येते. आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो, ठेकेदारावर गुन्हा नोंदवा म्हणून पोलीस ठाण्यात बसून राहतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पुढे करतो. २७ मार्च २०१४ च्या निकालाने कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख केली. हे सगळे केलेच पाहिजे, आम्हीही करत आलो आहोत. पण हे सगळे माणूस मेल्यानंतरचे आहे. ज्या चेंबरमध्ये तो मेला त्याचे माप कोणी ठरवले, त्या गल्लीत जेटिंगची गाडी का शिरली नाही, गॅस मोजायचे यंत्र असून उपयोग का झाला नाही, हे प्रश्न जिथे निघतात तिथे आपण कधी जातच नाही. ती जागा म्हणजे अभियंत्यांच्या संशोधन परिषदा.

गेली दोन वर्षे आमचा छोटा अभ्यासगट अशाच एका परिषदेकडे लिखाण पाठवतो आहे. पहिल्या वर्षी शोधनिबंध पाठवला, दुसऱ्या वर्षी एका पूर्ण सत्राचा प्रस्ताव. गटात आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करून वस्तीत काम करणारे दोघे, पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करणारा एक मित्र आणि सव्वीस वर्षे ड्रेनेजच्या कामावर असलेले एक काका. बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गात हे सांगितले की पोरे हमखास विचारतात, समाजशास्त्रवाल्यांचे तिथे काय काम? आणि जुने कार्यकर्ते त्याहून कडक विचारतात, त्या सवर्णांच्या मेळाव्यात जाऊन त्यांना मान्यता कशाला द्यायची?

आधी पहिल्या प्रश्नाचे बघू. शहरातली ड्रेनेज लाईन कशी असावी हे केंद्राच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या नियमपुस्तिकेवरून ठरते. तिची १९९३ ची आवृत्ती २०१३ साली सुधारून निघाली. चेंबरच्या बांधणीसाठी आयएस ४१११ हे भारतीय मानक आहे, तर आत उतरताना काय खबरदारी घ्यायची यासाठी १९८७ पासून आयएस ११९७२ आहे. ही कागदपत्रे मिळवून वाचा. झाकणाचे तोंड माणूस उतरू शकेल एवढे ठेवायचे, आतल्या भिंतीला पाय ठेवायला लोखंडी पायऱ्या बसवायच्या. म्हणजे आराखडा काढतानाच माणूस आत गृहीत धरला आहे. कोणता माणूस, ते आराखड्यात लिहिलेले नसते. लिहायची गरज कोणालाच वाटली नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घातली. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात 'मॅनहोल'कडून 'मशीनहोल'कडे जाण्याची घोषणा झाली. नाव बदलले, पण जमिनीखालचे बांधकाम तेच आहे, आणि गाडी अडली की हाकही त्याच माणसाला जाते. मग जात हा अभियांत्रिकीच्या बाहेरचा विषय कसा?

आणि ही मानके लिहिणारे, सुधारणारे लोक कोण? अभियंतेच. ते काय वाचतात? एकमेकांचे शोधनिबंध. आपली पत्रके त्यांच्या टेबलावर पोचत नाहीत, आणि पोचली तरी आवक क्रमांक टाकून फायलीत जातात.

जुन्या कार्यकर्त्यांना आम्ही बाबासाहेबांच्याच दोन गोष्टी सांगतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज तो आपण घरोघर ठेवतो, पण मुळात तो एका वर्गात, जातीचा अनुभव नसलेल्या विद्वानांसमोर वाचलेला शोधनिबंध होता.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओरिसातल्या नद्यांच्या परिषदेत ते अध्यक्षस्थानी होते. समोर सरकारी अधिकारी आणि अभियंते. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर, अभियंते नव्हेत. तरी कटकला त्यांनी आधीच्या पूर समित्यांचा पायाच चुकीचा असल्याचे दाखवले. पुराचे पाणी म्हणजे संकट, ते समुद्राकडे कसे लोटायचे, एवढाच विचार त्या समित्या करत होत्या. बाबासाहेबांनी विचारले, पाणी ही संपत्ती आहे, मग ती साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांना का वापरायची नाही? कोयंडा अभियंत्यांनीच शोधायचा होता, पण प्रश्न कोणता ते बाबासाहेबांनी ठरवले. आम्हाला त्या परिषदांमध्ये हेच करायचे आहे, अर्थात आमच्या वकुबाप्रमाणे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण इथेच आपली पोरे अडतात. परिषदेच्या आठ-दहा महिने आधी 'कॉल फॉर पेपर्स' निघतो. त्यात विषयांची यादी असते. आपला विषय त्या यादीतल्या नेमक्या कोणत्या ओळीखाली बसतो हे आधी पक्के करायचे, नाहीतर परीक्षकाला पहिल्याच मिनिटाला 'विषयाबाहेर' म्हणायची सोय होते. आम्ही 'सामाजिक पैलू' ही ओळ मुद्दाम टाळली. तिथे सगळे गोडगोड विषय जातात आणि तिथल्या सत्राला एकही डिझाइनवाला फिरकत नाही. आम्ही 'मलवाहिन्यांची देखभाल' या ओळीखाली गेलो. आधी दोन-अडीचशे शब्दांचा सारांश, तो मंजूर झाला तर सहा पानांचा निबंध, दोन रकान्यांत, त्यांनी दिलेल्या साच्यातच.

मुदतीपुढे 'एओई' अशी तीन अक्षरे दिसली तर घाबरू नका. 'एनीव्हेअर ऑन अर्थ', म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत वेळ आहे. त्यांचे रात्रीचे ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळचे ५.२९. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला हे साडेसतरा तास फार मोलाचे असतात.

सहा पाने हा आमच्यासारख्यांना धक्काच होता. समाजशास्त्रात पार्श्वभूमीलाच सहा पाने जातात. इथे नकाशा लागतो, आकृती लागते, तक्ता लागतो. आपल्या पत्रकात 'जाहीर निषेध' चार वेळा येतो, इथे एकदाही चालत नाही. आमचे मत असे की या शिस्तीने आपल्या लिखाणाचे भलेच होते. विशेषणे गळून पडली की मागे किती पुरावा उरतो ते दिसते.

आमचा निबंध एकाच प्रश्नावर होता: यंत्र असताना माणूस का उतरतो? वस्तीतल्या चेंबरांची यादी करून प्रत्येकाच्या पुढे कारण लिहिले. कुठे गल्ली इतकी अरुंद की गाडी वळत नाही. कुठे रस्त्यावर थरावर थर चढून झाकणच खाली गाडले गेलेले. कुठे बांधकामाचा राडारोडा आणि कापडाचे बोळे अडकलेले, जे पाण्याच्या मारानेही हलत नाहीत. दिल्लीत २०१९ साली अरुंद गल्ल्यांसाठी २०० लहान गाड्या आणल्या होत्या, केरळच्या तरुण अभियंत्यांनी 'बँडीकूट' हा यंत्रमानव केला. तेव्हा हे होऊच शकत नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. प्रश्न एवढाच होता की आपल्या गल्लीचे माप घेऊन यंत्र का मागवले जात नाही.

निबंधातला सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र काकांचा. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते, "वास आला तर माणूस सावध होतो. घात होतो तो वास यायचा बंद झाल्यावर." एम.टेक.वाल्या मित्राने हे पुस्तकात ताडून पाहिले. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्याच्या कितीतरी पट वाढले की माणूस काही क्षणांत कोसळतो. पुस्तकातली गोष्ट काका पुस्तकाशिवाय जगत आले होते.

म्हणून लेखकांच्या यादीत काकांचे नाव दुसरे घातले. यावर मित्राच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी हरकत घेतली. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही तो लेखक कसा? आभारात नाव घाला म्हणाले. आम्ही त्यांना परिषदेचाच नियम दाखवला: निबंधाच्या विचारात ज्याचा भरीव वाटा आहे आणि ज्याने अंतिम मसुद्याला संमती दिली आहे, तो लेखक. विचार काकांचा होताच. संमतीसाठी दोन संध्याकाळी बसून पूर्ण निबंध मराठीत सांगितला. काकांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, त्यातली एक आकृतीत होती. मग प्राध्यापक गप्प बसले.

परीक्षण 'डबल ब्लाइंड' होते. वाचणाऱ्याला लेखक कळत नाही, लेखकाला वाचणारा कळत नाही. नावे, गावे, संस्था, आभार सगळे काढायचे, फाईलच्या आत दडलेले नावही पुसायचे. शाळेच्या पटापासून भाड्याच्या खोलीपर्यंत आधी आडनाव वाचून मग माणूस वाचणाऱ्या देशात कोणीतरी आपले लिखाण आडनावाशिवाय वाचणार, ही लहान गोष्ट नाही. पण फार भुलूही नका. इंग्रजीच्या धाटणीवरून कॉलेज ओळखू येते. आणि निवड झाल्यावर पडदा उठतोच, फी भरायची वेळ येते. किमान एका लेखकाने फी भरून प्रत्यक्ष निबंध मांडला नाही तर तो परिषदेच्या ग्रंथात येत नाही. ती फी काकांच्या अर्ध्या पगाराहून जास्त होती. विद्यार्थ्यांचा दर वेगळा असतो, सवलतीसाठी अर्जही करता येतो, पण त्याची तारीख वेगळी असते आणि ती बारीक अक्षरांत असते.

परीक्षकांचे तीन अभिप्राय आले. पहिला चांगला. दुसऱ्याने लिहिले की यात अभियांत्रिकीचे नावीन्य काय? तिसऱ्याने लिहिले की 'जात' या शब्दाला आधार दिसत नाही, 'सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी' असा शब्द वापरावा.

त्या रात्री गटात जोरदार भांडण झाले. एकाचे म्हणणे, आधी आत जाऊ, मग बोलू. दुसऱ्याने लाहोर काढले. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने भाषणातला मजकूर बदलायला सांगितला, बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. उदाहरण खरे आहे, पण आपल्या चळवळीत ते फार स्वस्तात वापरले जाते. बाबासाहेबांनी नकार देऊन हात झटकले नाहीत, स्वतःच्या खर्चाने १५०० प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. शिवाय लाहोरवाल्यांना निष्कर्षच नको होता. आमच्या तिसऱ्या परीक्षकाच्या वाक्याचे दोन भाग होते. 'आधार दिसत नाही' हा पुरावा मागणारा भाग, 'शब्द बदला' हा तोंड दाबणारा. पुरावा मागणारा प्रत्येक जण मनुवादी नसतो, आणि पुरावा तर आपल्याकडे ढिगाने आहे.

तेव्हा आम्ही शब्द ठेवला आणि आधार दिला. डिसेंबर २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने संसदेत सांगितले की हाताने मैला साफ करणाऱ्या ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती उपलब्ध आहे, त्यांतले ४२,५९४ अनुसूचित जातींचे आहेत. म्हणजे ९७ टक्क्यांहून जास्त. हा आकडा मैला साफ करणाऱ्यांचा आहे, गटार कामगारांचा नाही, हेही लिहिले. गटार आणि सेप्टिक टँक कामगारांचा आकडा २०२४ साली 'नमस्ते' योजनेतून आला: नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांत जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी, त्यात एकट्या अनुसूचित जाती ६९ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही सरकारचेच आकडे. तिसऱ्या परीक्षकाने पुढे हरकत घेतली नाही. दुसऱ्याचे समाधान झाले नसावे, कारण निबंध मंजूर झाला तो पोस्टर म्हणून, चहाच्या टेबलांशेजारी लावायला.

पोस्टरवरून आम्हाला एक गोष्ट कळली. निबंध पाठवणे म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या पंगतीत पान मागणे. पंगत मांडायची तर सत्राचा प्रस्ताव द्यावा लागतो. विषय तुमचा, वक्ते तुमचे, पहिला प्रश्न तुमचा. फार थोड्या लोकांना ठाऊक असते की तो कोणीही देऊ शकतो.

प्रस्तावाच्या अर्जात प्रत्येक वक्त्याची संस्था, पद आणि पदवी लिहायची होती. काकांचे ओळखपत्र ठेकेदाराचे, ठेकेदार बदलला की बदलणारे. शिक्षण सातवी, आणि अर्जातली पदव्यांची यादी डिप्लोमापासून सुरू होत होती. आयोजकांना पत्र लिहिले. चार दिवसांनी उत्तर आले की त्यांना 'प्रॅक्टिशनर' म्हणून दाखवू. काका म्हणाले, "म्हणजे डॉक्टर का?"

सत्र मिळाले ते शेवटच्या दिवशी, शेवटच्या वेळेत. समोर वीस-बावीस माणसे. काका मराठीत बोलले, मित्राने इंग्रजी केले. मागच्या रांगेतून एका प्राध्यापकांनी विचारले, तुम्हाला गॅसचा मीटर दिला होता ना, मग का वापरत नाही? प्रश्नात आरोप होता. काका शांतपणे म्हणाले, "सर, मीटर झाकणापाशी धरला की सगळं बरोबर दाखवतो. गॅस गाळात अडकलेला असतो. गाळ हलवला की सुटतो. त्या वेळी मीटर वर असतो आणि मी खाली."

भाषांतर पूर्ण व्हायच्या आतच पुढच्या रांगेतल्या एक बाई वहीत लिहू लागल्या होत्या. मग अर्धा तास फक्त यावरच बोलणे झाले. मीटर काठीला बांधून खाली सोडता येईल का, वरून गाळ ढवळून मग किती वेळ थांबायचे, मागचे-पुढचे चेंबर किती आधी उघडायचे. विचारणारे अभियंते होते आणि उत्तर देणारे काका. त्या अर्ध्या तासात 'बिचारे कामगार' हा शब्द कोणी काढला नाही.

याने आमच्या शहरात काही बदलले का? नाही. त्याच पावसाळ्याआधी काका पुन्हा चेंबरमध्ये उतरले. परिषदेच्या तीन दिवसांची त्यांची मजुरी बुडाली, ती आम्ही वर्गणीतून दिली. फीही वर्गणीचीच. त्या बाईंनी मात्र शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी पाठवू का असे विचारले आहे, आणि गाळ हलवल्यानंतरचे मोजमाप कसे घ्यायचे यावर त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे.

एक इशारा देऊन ठेवतो, कारण आपल्या दोन पोरांची शिष्यवृत्ती यात गेली आहे. 'आदरणीय विद्वान' म्हणून मेल येतो, दोन दिवसांत निबंध मंजूर होतो, कोणताच अभिप्राय येत नाही, लगेच पैसे मागतात. एकाच हॉटेलात एकाच दिवशी दंतवैद्यक, व्यवस्थापन आणि स्थापत्य अशा सगळ्यांची परिषद असते. अशांना एक रुपया देऊ नका. मागच्या वर्षांचे ग्रंथ पाहा, समितीतल्या दोघांना थेट विचारा, आणि निबंध न झोडपता मंजूर झाला तर संशय घ्या.

यंदाच्या सत्राचा विषय काकांनीच दिला आहे: रस्त्याखाली गाडलेली झाकणे. सारांशाची मुदत या महिनाअखेरीस आहे. आम्हाला आमच्या शहराबाहेरची उदाहरणे हवी आहेत. तुमच्या वस्तीत डांबराखाली किंवा काँक्रीटखाली गेलेले चेंबर असेल तर जागेचा फोटो, टेप लावून मोजलेली गल्लीची रुंदी आणि तिथे शेवटी कोण उतरले होते, एवढे लिहून पाठवा. उतरणाऱ्याला विचारूनच त्याचे नाव कळवा. त्याला लेखक व्हायचे असेल तर तेही सांगा.